दहा आठवडे मुंबईच्या मंडळीत : पाळकीय प्रशिक्षणाचे एक प्रकरण

हे प्रकरण वर्गात चर्चेसाठी रचले आहे. मंडळी (एका चर्चचा सभासद-समुदाय), सेमिनरी (पाळक घडवणारी संस्था), विद्यार्थी आणि त्यांच्याशी जोडलेले आकडे कल्पित आहेत. कायदे, ठिकाणे आणि इतिहास खरा आहे. मुंबईत काम केलेल्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) यातले प्रसंग ओळखीचे वाटतील.

मंडळी आणि विद्यार्थी

मंडळी भायखळा-परळ पट्ट्यातली, मराठी, प्रॉटेस्टंट. नगर, जालना, सोलापूर या भागांतून गिरणी, रेल्वे, महापालिका आणि इस्पितळांच्या नोकऱ्यांसाठी आलेल्या कुटुंबांनी ती वाढवली. १९८२च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, चाळीतली खोली दोन भावांच्या संसाराला पुरेना, आणि पुढची पिढी डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे सरकली. नोंदवहीत १४० कुटुंबे आहेत. चर्चपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर राहणारी ३८. रविवारी साडेआठच्या उपासनेला नव्वदेक माणसे येतात, त्यांतली निम्मी साठीपुढची.

विद्यार्थी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातला, पदवीनंतर पुण्याच्या सेमिनरीत बी. डी.च्या (ईश्वरविज्ञानाच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला. ग्रीक बरे, उपदेशाला आवाज चांगला. क्षेत्रकार्यासाठी त्याला या मंडळीशी जोडले होते. व्यवस्था नेहमीचीच: शनिवारी दुपारी पुण्याहून निघायचे, रात्री वेस्ट्रीमागच्या (चर्चला जोडलेल्या पाळकांच्या खोलीमागच्या) खोलीत मुक्काम, रविवारी शब्बाथ शाळा (मुलांचा बायबल वर्ग), उपासनेत शास्त्रवाचन, महिन्यातून एकदा उपदेश, दुपारी दोन-तीन घरभेटी आणि संध्याकाळी परत. कागदावर आठवड्याला बारा तास. प्रवास आणि झोप वजा केल्यास पाच-सहा उरत.

पहिले सत्र : काय फसले

उपदेश चांगले झाले, त्यामुळे काही फसले आहे हे कोणाच्या लक्षातच आले नाही. पाळकांनी अहवालात ‘समाधानकारक’ लिहिले, सेमिनरीने गुण दिले. फसगत दिसली ती घरभेटींच्या वहीत. चार महिन्यांत ३१ भेटी, त्यांतल्या २६ चर्चच्या आसपासच्या जुन्या घरांत आणि बहुतेक त्याच आठ-दहा कुटुंबांत. कल्याणच्या पलीकडे एकही नाही. पंचवीस ते पंचेचाळीस वयाच्या कोणा पुरुषाशी दहा मिनिटे निवांत बोलणे झाल्याची नोंद नाही.

याचे एक कारण अगदी साधे आहे. रेल्वेचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद ठेवणे) रविवारी असतो. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर तो साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो, म्हणजे नेमका घरभेटींचा वेळ. जलद गाड्या धिम्या मार्गावर वळतात, गर्दी दुप्पट होते आणि भायखळ्याहून बदलापूरला जाऊन संध्याकाळची पुण्याची गाडी पकडणे जमत नाही. पुण्यात बसून क्षेत्रकार्याचे वेळापत्रक आखणाऱ्याला हे सुचत नाही.

दुसरे कारण खोल आहे. सेमिनरीने शिकवलेली घरभेट गावाच्या मापाची होती. गावात पाळक रस्त्याने चालला की चार जण हाक मारतात, आजारी कोण ते दुपारपर्यंत कळते, आणि संध्याकाळी सगळे घरी असतात. मुंबईत घर म्हणजे झोपायची जागा. या मंडळीत नर्सबाया बऱ्याच आहेत. त्यांच्या पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या. रात्रपाळी करून आलेली बाई रविवारी साडेआठला चर्चमध्ये नसते, आणि दुपारी दार वाजवले तर तिची झोपमोड होते. सुरक्षारक्षक आणि कॉल सेंटरमधल्या मुलांचीही तीच गत. ज्यांना पाळकाची खरी गरज होती, ते विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात बसतच नव्हते.

‘शहरी सेवाकार्य’ या विषयाचे व्याख्यान त्याने ऐकलेले होते. शहरीकरणाची कारणे, बायबलमधल्या यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले नगराचे हित चिंतण्याचे वचन, झोपडपट्ट्यांवर एक प्रकरण. त्या विषयात त्याला ६८ गुण होते. आमचे मत असे की मुंबईसाठी पाळक घडवताना आणखी एक पेपर वाढवल्याने फारसे साधत नाही. आठवड्याचे मधले दिवस शहरात घालवायला हवेत, आणि त्या दिवसांवर शहरातच कोणाची तरी देखरेख हवी.

नागपाड्याचा धडा

ही कल्पना नवी नाही, आणि ती याच परिसरात एकदा उभी राहिली होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले. त्याच मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात भायखळ्याला लागून असलेल्या नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवले: वस्तीतच राहायचे आणि वस्तीच्या आरोग्याचे, शिक्षणाचे, करमणुकीचे प्रश्न हाती घ्यायचे. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले ते त्याच इमारतीत, मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. पुढे तीच संस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली आणि १९५४ मध्ये देवनारला गेली.

समाजकार्याच्या शिक्षणाने क्षेत्रकार्य, लेखी नोंद आणि देखरेख ही तिन्ही अंगे जपली. मराठी प्रॉटेस्टंट पाळकांचे पदवी-शिक्षण मात्र मुख्यतः पुण्यात, वसतिगृहाच्या चार भिंतींत राहिले. कॅथलिकांची गोष्ट वेगळी. मुंबई महाधर्मप्रांताची सेंट पायस सेमिनरी गोरेगावातच आहे. अर्थात शहरात सेमिनरी असली म्हणजे शहर आपोआप शिकवते असे नाही. कुंपण तिथेही असते.

नवी मांडणी

दुसऱ्या सत्राच्या शेवटी सेमिनरीने शनिवार-रविवारची जोडणी बंद केली आणि उन्हाळ्यात सलग दहा आठवड्यांचे क्षेत्रकार्य ठेवले. आठवड्याला ४० तास, एकूण ४००. क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनच्या (देखरेखीखाली पाळकीय सेवा शिकवणाऱ्या प्रशिक्षणाच्या) एका युनिटचे हे प्रचलित माप. त्यातले १०० तास देखरेख, गटचर्चा आणि लेखनाला, ३०० प्रत्यक्ष माणसांत.

सर्वांत उपयोगी निर्णय राहण्याच्या जागेचा ठरला. वेस्ट्रीमागची खोली फुकट होती, तरी विद्यार्थ्याला डोंबिवलीत एका कुटुंबाकडे ठेवले. खर्चाला महिन्याचा रेल्वे पास, जेवणाचे पैसे आणि त्या कुटुंबाला ठरावीक रक्कम. निम्मा भार सेमिनरीवर, निम्मा मंडळीवर. पास्टरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) यावर तासभर वाद झाला. पण सकाळी सात चाळीसच्या लोकलमध्ये मंडळीतल्याच चार जणांशी उभ्या-उभ्या जे बोलणे होते, ते वेस्ट्रीत बसून होत नाही.

करारपत्र एका पानाचे होते आणि त्यावर तिघांच्या सह्या होत्या. तास, आठवड्याची एक पूर्ण सुट्टी (सोमवार), दहा आठवड्यांत फक्त दोन उपदेश, आणि मंडळीच्या झेरॉक्स-बँकेच्या कामांना विद्यार्थी वापरायचा नाही. दोन उपदेशांच्या अटीवर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “मग पाठवलाच कशाला?” प्रश्न रास्त होता. उपदेश करता येतो हे आधीच सिद्ध झाले होते, हे त्याचे उत्तर.

देखरेखीला दोन माणसे होती. पाळक आठवड्यातून दीड तास, आणि मंडळीतल्याच एक निवृत्त परिचारिका तेवढाच वेळ. एकट्या पाळकावर ही जबाबदारी टाकली की ती बुडते. अंत्यविधी निघाला, कमिटीची बैठक आली की पहिल्यांदा रद्द होते ती विद्यार्थ्याची बैठक. शिवाय पाळक हा एका अर्थी विद्यार्थ्याचा भावी सहकारी आणि परीक्षकही. त्याच्यासमोर ‘मला भीती वाटली’ असे म्हणणे अवघड जाते.

पहिल्या आठवड्यात एकही भेट ठेवली नव्हती. काम एकच: नोंदवहीतील १४० कुटुंबांची नवी यादी. पत्त्याच्या जागी चार रकाने होते: उतरण्याचे स्थानक, घरातल्या प्रत्येकाच्या कामाच्या वेळा, सुट्टीचा वार, आणि घरी दिवसा कोण असते. हे फोनवर विचारावे लागले आणि तीन दिवस गेले. त्यातून पाच स्थानक-गट निघाले: भायखळा-परळ, मुलुंड-ठाणे, डोंबिवली-कल्याण, अंबरनाथ-बदलापूर, नालासोपारा-विरार. विरारचा गट पश्चिम रेल्वेवर, दादरला गाडी बदलायची. तो आणि बदलापूर एकाच दिवशी ठेवू नये, नाहीतर दिवस फलाटावर जातो. सुट्टीच्या रकान्यात सर्वांनाच धक्का बसला. नोकरी करणाऱ्यांपैकी तिसरा हिस्सा लोकांना रविवारी सुट्टी नव्हती.

संवादाची नोंद

आठवड्याला दोन ‘व्हर्बेटिम’ लिहायचे होते. भेट झाल्यावर चोवीस तासांच्या आत, आठवेल तसे शब्दशः, पंधरा-वीस ओळी. वर ठिकाण, वेळ, भेट किती मिनिटांची, आधी काय माहीत होते ते. उजवीकडे त्या क्षणी आपल्या मनात काय आले ते. खरे नाव कुठेही लिहायचे नाही, चर्चा झाली की कागद फाडायचा. तिसऱ्या आठवड्यातल्या एका नोंदीतला भाग असा:

आजी : बस बाबा. पंखा लावते.
वि. : आजी, रविवारी दिसला नाहीत. तब्येत बरी ना?
आजी : तब्येतीला काय धाड भरलीय. जिना उतरवत नाही. अन् तो बिल्डरचा माणूस येतो रोज. सही करा म्हणतो.
वि. : देव सगळं नीट करील, आजी. प्रार्थना करू या?
आजी : कर बाबा.

उजव्या रकान्यात विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिले होते: ‘बिल्डरचे मला काही कळत नाही. विषय वाढू नये असे वाटले.’

देखरेखीच्या बैठकीत या पाच ओळींवर पाऊण तास गेला. आजींनी जिना आणि सही अशी दोन दारे उघडली होती. प्रार्थनेने दोन्ही बंद केली. ‘कर बाबा’ या दोन शब्दांत भक्ती कमी आणि निरोप जास्त होता. परिचारिकाबाईंनी एवढेच सुचवले की पुढच्या भेटीत “कसली सही, आजी?” असे विचारून गप्प बसावे. त्याने तसे केले. तेव्हा कळले की खोली पागडीची (जुन्या भाडेहक्काची), भाडेपावती अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, बदलापूरचा मुलगा हक्क विकायच्या विचारात, आणि आजींना विचारतो कोण?

इथे पाळकाची हद्द कुठवर, हे शिकवावे लागते. करारावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही. मुलाची बाजू किंवा आईची बाजू घ्यायची नाही. पण एवढे माहीत हवे की १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हेल्पलाइन १५१००. विद्यार्थी आजींबरोबर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेला, बाकावर दोन तास बसला. प्रार्थना त्याच बाकावर झाली, आणि या वेळी आजींनी ती स्वतः मागितली.

कागदपत्रे : जे सेमिनरीत शिकवत नाहीत

सहाव्या आठवड्यात डोंबिवलीत रात्री अकराला एक सभासद घरी वारले. घरच्यांनी पहिला फोन विद्यार्थ्याला केला, कारण तो जवळ होता. अशा वेळी वचन वाचण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: डॉक्टर येऊन गेले का? घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टराने मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अ मध्ये द्यायचा असतो. इस्पितळात असेल तर नमुना ४. दाखला द्यायला कोणी तयार नसेल तर पोलिसांना कळवणे भाग पडते आणि शवविच्छेदनापर्यंत गोष्ट जाऊ शकते. हे घरच्यांना आधी शांतपणे सांगितले तर मध्यरात्रीचा गोंधळ निम्म्याने कमी होतो. कुटुंबाची कबर शिवडीला असेल तर चर्चचे सभासदत्वाचे पत्र, जुन्या कबरीची पावती आणि दाखला घेऊन सकाळी दफनभूमीच्या कार्यालयात माणूस हजर हवा. मात्र मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे, म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे, एकवीस दिवसांत. दफन मुंबईत झाले म्हणून कुटुंबे मुंबईच्या विभाग कार्यालयात खेटे घालतात आणि मुदत उलटते.

लग्नाचा प्रसंग नाजूक होता. मंडळीतला मुलगा, मुलगी बौद्ध. मुलाच्या आईचा आग्रह चर्चमध्ये लग्न व्हावे असा. विद्यार्थ्याने सहज सुचवले, “ताईंचा बाप्तिस्मा आधी करून घेतला तर प्रश्नच मिटेल.” पाळकांनी त्याला तिथेच थांबवले, ते बरे झाले. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ प्रमाणे दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी अधिकृत पाळक विवाह लावू शकतो. चर्चचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून बिशप-कार्यालयाला आधी विचारायचे. दुसरा मार्ग १९५४च्या विशेष विवाह कायद्याचा: दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य, नोटीस, तीस दिवसांची हरकतीची मुदत, तीन साक्षीदार, आणि नंतर चर्चमध्ये आशीर्वादाची प्रार्थना.

बाप्तिस्म्याचा परिणाम याहून मोठा. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती व्यक्तीला नाही. मुलीची शिष्यवृत्ती, नोकरीतले आरक्षण यांवर याचा थेट परिणाम. विश्वासाने बाप्तिस्मा मागणाऱ्या माणसाने ही किंमत जाणून तो घ्यावा, हे योग्य. लग्नाची सोय म्हणून तो सुचवणे ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीनेही चूक आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. शेवटी नोंदणी विवाह झाला. आईची नाराजी राहिली.

तिसरा प्रसंग सर्वांत गंभीर. सुट्टीतल्या बायबल वर्गाला येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीने विद्यार्थ्याला म्हटले, “दादा, एक सांगायचंय, पण कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या.” त्याने घेतली. मग तिने जे सांगितले ते एका नातेवाइकाने केलेल्या लैंगिक छळाचे होते. पॉक्सो कायदा, २०१२च्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे असे कळलेल्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पाळकाला वेगळी सूट नाही. विद्यार्थ्याने त्याच संध्याकाळी परिचारिकाबाईंना फोन केला, १०९८ या बाल-हेल्पलाइनवर बोलणे झाले, तक्रार नोंदली गेली. पण दिलेली शपथ मोडावी लागली आणि मुलगी पुढे त्याच्याशी बोलेना. ऐकण्याआधी म्हणायचे वाक्य आता प्रत्येक विद्यार्थ्याकडून मोठ्याने म्हणवून घेतात: “तू सांग, मी ऐकतो. तुला धोका असेल तर मात्र मी मदत करू शकणाऱ्या माणसाला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन.” हे वाक्य ऐकून काही मुले बोलायची थांबतात. ती जोखीम पत्करावी लागते.

घरसभा आणि शेजार

कल्याणच्या गटाची घरसभा पुनर्वसन इमारतीतल्या ३०० चौरस फुटांच्या घरात, बुधवारी रात्री. दुसऱ्याच सभेनंतर सोसायटीच्या चिटणिसांकडे तक्रार गेली. विद्यार्थ्याला वाटले, धर्माचा प्रश्न आला. चौकशी केल्यावर निघाले ते चपलांचे. बावीस जणांचे जोड मधल्या वाटेत, आणि समोरच्या घरातले आजोबा अडखळले होते. अर्थात धर्मांतराचा संशय अशाच किरकोळ रागावर चढतो, म्हणून उपाय वेळेत हवा. सभा बारा माणसांची, आठ ते पावणेनऊ. चपला पिशवीत घालून आत. ढोलकी बंद, पेटी चालू. माइक कधीच नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, पण इतक्या लहान खोलीत कायद्याआधी भिंतच तक्रार करते. शेजारची मुले गाणी ऐकून आली तर पालकांना विचारल्याशिवाय आत बसवायचे नाही. चिटणिसांना नाताळच्या आधी नव्हे, आत्ताच जाऊन भेटायचे.

गुण, आणि उरलेले प्रश्न

मूल्यमापनात उपदेशाला २० गुण, संवाद-नोंदींना ४०, स्थानक-यादी आणि कागदपत्रांच्या प्रात्यक्षिकाला २५, देखरेख करणाऱ्यांच्या अहवालाला १५. नोंदींचे गुण ‘चांगली भेट’ लिहिल्याबद्दल नव्हते. स्वतःची पळवाट ओळखता आली का, यावर होते. पहिल्या दोन नोंदींत प्रत्येक भेट प्रार्थनेने आणि आनंदाश्रूंनी संपत होती. असे दिसले की परिचारिकाबाई ती परत करत.

रविवारची हजेरी दहा आठवड्यांत वाढली नाही, आणि ती वाढवण्यासाठी हा खटाटोप नव्हताच. कमिटीतल्या काहींना अजून तसे वाटत नाही. नर्सबायांसाठी गुरुवारी दुपारी तीनला इस्पितळाजवळ अर्ध्या तासाची प्रार्थना सुरू झाली. सहा-सात जणी येतात, त्यांतल्या दोघी मंडळीच्या सभासदही नाहीत.

अडचण निर्माण झाली ती कल्याणच्या गटामुळे. त्यांनी आपल्याकडेच प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा पवित्र विधी) मागितले. विद्यार्थ्याला पाळकपदाची दीक्षा नाही, तो ते देऊ शकत नाही. पाळकांना महिन्याचा एक रविवार भायखळ्यातून काढावा लागेल. पाठोपाठ अर्पणाचा प्रश्न आला: कल्याणला जमलेले पैसे कल्याणला राहणार की मुख्य चर्चच्या छपराला जाणार? वेगळी पास्टरेट (स्वतःचा पाळक आणि कारभार असलेली मंडळी) मागण्याची ही पहिली पायरी आहे, असे जुन्या सभासदांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. विद्यार्थ्याने गट उभा केला आणि तो पुण्याला परतला. निस्तरायचे पाळकांनी, ही त्यांची तक्रार सेमिनरीने लेखी मान्य केली. पुढच्या करारपत्रात एक कलम वाढले आहे: सहाव्या आठवड्यानंतर विद्यार्थी नवा गट सुरू करणार नाही, आणि जो सुरू केला तो पुढे कोण चालवणार त्या सभासदाचे नाव चौथ्या आठवड्यातच कमिटीच्या इतिवृत्तात लिहिले जाईल. कल्याणच्या प्रभुभोजनाचा ठराव कमिटीने दोनदा पुढे ढकलला आहे.